डोळा लागतो का?

मावशीची डावी पापणी मिटत नाही, हे मला प्रथम दिसले ते तिच्याच घरी, माघातल्या एका दुपारी. जेवणे झाली होती. मशीनवर अर्धवट शिवलेले पोलके तसेच ठेवून ती खाली सतरंजीवर आडवी झाली होती आणि बोलता बोलता तिचा श्वास लांबला होता. दाराच्या पडद्याआडून आलेले ऊन तिच्या गालावर पट्टीसारखे पडले होते. उजवा डोळा शांत मिटलेला. डावा मात्र तांदळाच्या दाण्याएवढा उघडा, आणि त्या फटीतून पांढऱ्यावर टेकलेली बुबुळाची काळी कड दिसत होती. मी तिच्या डोळ्यापुढून हात फिरवला. ती हलली नाही. एक माशी आली, पापणीच्या कडेवर बसली, ओलावा चाटू लागली, तरीही ती हलली नाही. मी ओढणीच्या टोकाने माशी उडवली आणि ती उठेपर्यंत तशीच तिच्या उशाशी वारा घालत बसले.

मी घाबरले होते, कारण त्या फटीचे नाव मला ठाऊक होते. वाशीमच्या एका खाजगी रुग्णालयात मी संकेतांक लावण्याचे काम करते. सगळे त्याला कोडिंग म्हणतात. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेल्या प्रत्येक निदानाला एका जगमान्य सूचीतली खूण द्यायची, आधी एक अक्षर, मग आकडे. त्या खुणेवरून योजनेची मंजुरी ठरते, शस्त्रक्रिया ठरते, रुग्णाला पुन्हा केव्हा बोलवायचे तेही संगणक त्याच खुणेवरून ठरवतो. मी मराठीत एम.ए. केले ते कवितेचे वेड होते म्हणून. प्राध्यापकाची जागा निघेल या आशेवर काही वर्षे गेली, आणि मग सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून मी या टेबलाशी येऊन बसले. वृत्तात एक मात्रा चुकली तर ओळ लंगडते, तसे इथे एक आकडा चुकला तर माणूस दुसऱ्याच आजाराच्या रांगेत जाऊन उभा राहतो. त्यामुळे काम मला परके वाटले नव्हते.

पापणी पूर्ण न मिटण्यासाठी सूचीत एक मोठे कुटुंबच आहे. आधी कारण सांगावे लागते: व्रणाने ओढली गेली, काही अडथळा आला, की चेहऱ्याची नस लुळी पडली. मग डोळा, उजवा की डावा. मग पापणी, वरची की खालची. सांगितलेच नसेल तर त्याचाही वेगळा आकडा आहे. ही खूण मी कितीतरी कागदांवर दिली होती. खुणेमागचा डोळा त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. अनसिंगजवळच्या खेड्यात एकटी राहते, मुलगा कामासाठी दूर असतो. गावातल्या सगळ्या बायकांची पोलकी तीच शिवते. पौषात एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळाले आणि अर्धा चेहरा ओल्या कपड्यासारखा खाली ओघळला. गावाने लकवा म्हटले. वाशीमच्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिन्याभरात ओठ बराचसा जागेवर आला, बोलणे सरळ झाले. मावशीच्या लेखी दुखणे तिथेच संपले होते.

ती जागी झाल्यावर मी हळूच विषय काढला. शेजारची एक बाई पोलके न्यायला आली होती, तिने मावशीच्या आधी उत्तर दिले.

"अवं, मी तं कवाची सांगून राह्यली! हे झोपीत बी डोया उघडा ठेवते. कपडा कोनी चोरून नेईन म्हनून राखन करते."

"तुह्याच पोलक्यातला तुकडा उरला ना," मावशी म्हणाली, "त्याच्यावरच नजर हाय माही." आणि अर्ध्या तोंडाने हसली. "मले दुख एकच हाय. आता कोनाले डोया मारता येत नाई."

दोघी खो-खो हसल्या. मीही हसले. मग तिला सांगितले की, या दुखण्याच्या इंग्रजी नावातल्या ग्रीक शब्दात ससा आहे. ससा म्हणे उघड्या डोळ्यांनी झोपतो, त्यावरून जुन्या लोकांनी ते नाव पाडले.

"मंग मी ससा झाली काय वं?"

"झाली."

"तो तं झोपला म्हनूनच हारला होता ना?"

उघडा राहिलेला डोळा वाळतो. वाळलेल्या बुबुळावर आधी ओरखडे उठतात, मग जखम होते, जखम भरताना तिथे पांढरा डाग पडतो आणि त्या डागातून काही दिसत नाही. हे सारे मी इतरांच्या कागदांवर क्रमाने वाचले होते. मावशीला मी एवढेच म्हटले की, मंगळवारी वाशीमला ये, आमच्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई येतात. ती आढेवेढे घेत कबूल झाली, कारण लग्नसराई तोंडावर आली होती आणि एक दिवस मोडणे तिला परवडत नव्हते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दक्षिणेकडच्या. आठवड्यातून एकदा येत. मराठी त्या इथेच शिकल्या होत्या, परिचारिकांकडून, ऐकून ऐकून; आणि इतक्या मनापासून बोलत की, रांगेतल्या बायका त्यांच्यावर खूष असत. त्या मंगळवारी गर्दी दारापर्यंत होती. मी मावशीला बाकावर बसवले, तिच्या हातात नंबर दिला आणि माझ्या टेबलाशी गेले. आत जाऊ नये असा नियम आम्हा कागदवाल्यांना होता. तासाभराने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात थेंबांची बाटली होती आणि चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद.

"काय म्हणाल्या?"

"सगयं इचारलं बिचारीनं. डोये मिटाले लावले, बॅटरी मारली. लय गोड बोलते. वाच बरं, काय लिवलं?"

मी कागद वाचला. डावा डोळा कोरडा. पापण्यांची मिट पूर्ण. थेंब चार वेळा.

"वाच ना मोठ्यानं."

"कोरडेपणा आहे म्हणते. आणि डोळा पूर्ण मिटतो."

"पाय बरं!" ती म्हणाली. "तू उगाच भेवाडलं होतं मले." आणि साडेबाराची गाडी धरायला ती स्थानकाकडे निघाली. मी तिला थांबवायला हवे होते. पण हातात डॉक्टरांनी लिहिलेला कागद होता, आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवणे हीच माझी नोकरी होती. दाण्याएवढी फट मी स्वतः पाहिली होती, तरी त्या क्षणी मला वाटून गेले की कदाचित ती भरून आली असेल.

तो कागद दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर आला. कोरड्या डोळ्याची खूण वेगळी. ती दिली की संगणक तीन महिन्यांनंतरची तारीख देतो. न मिटणाऱ्या पापणीची खूण दिली तर आठवड्याच्या आत बोलावणे जाते. माझ्या बोटांना दोन्ही खुणा पाठ होत्या. आमचा नियम असा की, डॉक्टरांनी जे लिहिले नाही ते आमच्यासाठी घडलेलेच नाही. शंका असेल तर डॉक्टरांना प्रश्न पाठवता येतो. मात्र त्या प्रश्नातून उत्तर सुचवायचे नाही. आजाराचे नाव घ्यायचे नाही, कुठे बोट दाखवायचे नाही. नाहीतर पैशांसाठी आजार लिहून घेतल्याचा संशय येतो. नियम योग्य आहे, आजही मी तो योग्यच म्हणेन.

मी प्रश्न लिहायला घेतला. 'रुग्णाची डावी पापणी झोपेत उघडी राहते, कृपया पुन्हा पाहावे.' यात उत्तरच होते, खोडले. 'झोपेत पापणी मिटते का?' यात 'झोपेत' हा शब्द बोट दाखवत होता; खोडले. कवितेत नेमका शब्द शोधण्याची सवय लागलेल्या मला त्या सकाळी नेमकेपणा टाळणारे वाक्य घडवायचे होते. शेवटी लिहिले: 'पापण्यांच्या मिटण्याविषयी अधिक तपशील असल्यास नोंदवावा.' त्या वाक्यात माझी मावशी कुठेच नव्हती. ऊन, सतरंजी, माशी, काही नव्हते. मी ते पाठवून दिले.

उत्तर पुढच्या मंगळवारी आले, एका शब्दात: 'नोंदीप्रमाणे.' मी कोरड्या डोळ्याची खूण दिली. संगणकाने वैशाखातली तारीख दाखवली.

मधल्या आठवड्यात मी मावशीला दोनदा फोन केला होता. "थेंब टाकून राह्यली ना," ती म्हणे. "जरा खुपते, पन ते तुरीचं भुसकट असन. शेजारी मयनी चालू हाय." मळणीचा घरघराट फोनमधूनही ऐकू येत होता. मी म्हणाले, भुसकट नसेल. ती म्हणाली, "कागदावर लिवलं हाय ना पुरा मिटते म्हनून? तूच तं वाचलं." माझ्याच आवाजात तिला ऐकवलेले वाक्य ती मला परत देत होती.

'नोंदीप्रमाणे' वाचल्यावर मात्र राहवले नाही. दवाखाना संपता संपता मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "मॅडम, कोडिंगचं काही नाही. मी त्या रुग्णाची भाची आहे." त्यांनी खुर्ची दाखवली. मी त्या दुपारचे सगळे सांगितले.

त्यांनी ते शांतपणे ऐकले. मग काहीशा दुखावल्या स्वरात म्हणाल्या, "पण मी विचारलं होतं. मी प्रत्येकाला विचारते. डोळे मिटवून पण पाहिले, त्यांनी घट्ट मिटले. पण जोर लावून मिटणारा डोळा झोपेत सैल पडून उघडतो, म्हणून मी विचारलं, मावशी, झोपताना डोळा लागतो का? त्या म्हणाल्या, लागते ना बाई, पडल्याबरोबर लागते."

खोलीत पंखा फिरत होता. मला ते वाक्य मावशीच्या आवाजात स्पष्ट ऐकू आले, त्यातल्या अभिमानासकट. दिवसभर मशीन चालवणाऱ्या बाईला झोपेच्या गोळ्या लागत नाहीत याचा अभिमान.

"मॅडम," मी म्हणाले, "डोळा लागणे म्हणजे झोप लागणे."

"झोप?"

"हो. तुम्ही झोप येते का विचारलं, असं तिला वाटलं."

त्यांनी खोलीच्या दाराकडे बोट केले. "सिस्टर म्हणतात ना, दार लावा, खिडकी लावा. हे दार नीट लागत नाही म्हणतात. लागणं म्हणजे बंद होणं ना?"

"दाराचं लागणं म्हणजे बंद होणं. डोळ्याचं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. किती जणांना हा प्रश्न विचारला असेल ते त्या बहुधा मनात मोजत होत्या. मग त्यांनी पेन उघडले आणि बंद केले. "न पाहता मी नोंद बदलू शकत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना घेऊन या. मंगळवारची वाट पाहू नका, मला फोन करा, मी येईन."

मी तिथूनच मावशीला फोन लावला. ती गावात नव्हती. कारंज्याला एका नातलगाच्या लग्नघरी मुक्कामाला गेली होती, नवरीकडची सगळी पोलकी शिवायला. मागे बायकांचा गलका होता, कोणीतरी मापे ओरडून सांगत होते.

"मावशी, डॉक्टरीणबाईनं पुन्हा बोलावलं. चूक झाली. डोया मिटत नाई तुहा."

"काहून? तेव्हा मिटत होता, आता मिटत नाई?"

"तेव्हाही नव्हता मिटत. तिनं इचारलं एक, तू समजली एक."

"माय वं! मले मराठी समजत नाई आता?" ती हसली. "लगन होऊ दे. इथं धा बायका उघड्या बसल्या हायेत पोलक्यावाचून. येते मी पंधरा दिवसानं."

"डोया जाईन, मावशी."

मागचा गलका कमी झाला, ती बाजूला सरकली असावी. मला वाटले, बोलणे पोहोचले. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "असं अभद्र बोलू नोको, लग्नघर हाय," आणि फोन ठेवला.

रविवारी मी कारंज्याला गेले. तिला घेऊनच यायचे असे ठरवून गेले होते. ती मांडवाच्या सावलीत मशीनवर बसली होती, डोळ्यात लाली होती, पाणी गळत होते, आणि ते पदराने टिपत ती काखेची शिवण मारत होती. भोवतीच्या बायकांना मी काय सांगितले ते आता आठवत नाही. एवढेच आठवते की, मी जे जे बोलले ते वाढवून सांगितल्यासारखे वाटत होते. रुग्णालयात जे शब्द वजनदार असतात ते हळदीच्या वासात, ढोलकीच्या आवाजात पार हलके होऊन गेले. नवरीची आई म्हणाली, "आमच्या घरी आली तं आमी गुलाबपानी टाकतो ना रोज. थंड वाटते तिले." मावशीने मान हलवली आणि मशीनवरून उठली नाही. सोमवारी कामावर जायचे होते, मी रात्री थांबू शकत नव्हते. शेवटच्या गाडीने एकटी परतले. शपथ घालून, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली चिकट टेप आणि मलमाची नळी तिच्या पिशवीत ठेवून. झोपताना मलम घाल आणि पापणीवर टेप लाव, असे तीनदा सांगितले. ती "हो वं" म्हणाली. नळी नंतर तशीच मिळाली, झाकण न उघडलेली. पाहुण्यांत डोळ्याला पट्टी लावून झोपायची तिला लाज वाटली होती.

आली ती फोननंतरच्या सतराव्या दिवशी. तिला उजेड सोसत नव्हता. डॉक्टरीणबाई शब्दाप्रमाणे आल्या, आणि या वेळी मला आत थांबू दिले. त्यांनी काही विचारले नाही. तिला पाठीवर निजवले, दिवा मंद केला आणि म्हणाल्या, "काही करू नका, मावशी. नुसत्या पडून राहा." बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मावशीचे ओठ सैल पडले, उजवी पापणी उतरली, डावी अर्ध्यावर येऊन थांबली. बाईंनी छोटी पट्टी धरून फट मोजली. मग नारिंगी रंगाचा एक थेंब डोळ्यात घातला आणि निळा उजेड टाकला. बुबुळाच्या खालच्या भागात, मधोमध सरकत आलेला, जखमेचा एक हिरवा डाग पेटला. नव्या पालवीचा रंग होता तो. इतका सुंदर रंग मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता, आणि तो सुंदर वाटल्याची मला किळस आली.

"माझी चूक झाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाई वं बाई," मावशी पडल्या पडल्याच म्हणाली. "तुही कायची चूक? तू इचारलं, मी सांगतलं. झोप लागते म्हनून सांगतलं. खोटं थोडी बोलली मी."

त्यांनी माझ्यादेखत नोंद लिहिली, एकेक शब्द दाबून: डावा डोळा, वरची पापणी, नस लुळी पडल्याने न मिटणारी; बुबुळावर जखम, उघडे राहिल्याने. नातलगाचा कागद या वेळी तरी स्वतः हाताळायचा नाही असे ठरवून तो मी शेजारच्या टेबलावर दिला. माझ्या सहकारी बाईने दोन मिनिटांत खुणा लावल्या. सारे रकाने भरले, शंकेला जागा नव्हती. मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली. इतका निर्दोष कागद आपल्या हातून क्वचितच गेला असेल, असे ती कौतुकाने म्हणाली.

जखम भरायला महिना लागला. मग बाहेरच्या कोपऱ्याकडे दोन्ही पापण्या थोड्या एकमेकींना शिवल्या, म्हणजे उघडा भाग लहान होईल आणि जे उरले आहे ते टिकेल. "टाके कसे घातले पायलं पायजे होतं," मावशी म्हणाली. "मी असती तं बारीक घातले असते." डाग मात्र राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढे कधीतरी मोठ्या शहरात बुबुळ बदलण्याचे पाहता येईल. पण पापणी अशी असताना नवे बुबुळही धोक्यातच राहील. हे त्यांनी मलाच सांगितले, मराठीत, प्रत्येक शब्दापूर्वी थांबून. आता त्या प्रत्येक रुग्णाला हाताने डोळा मिटून दाखवतात आणि विचारतात, "असं होतं?"

शिवलेल्या पापणीतही थोडी फट राहतेच. म्हणून दर रविवारी मी जाते. दुपारी तिचे जेवण झाले की, सतरंजीवर बसून तिच्या डोळ्यात मलम घालते. वरची पापणी बोटाने अलगद खाली आणते आणि मलम पसरेपर्यंत धरून ठेवते. पापणीची कातडी उबदार असते, खाली बुबुळ हललेले बोटाला कळते. बोट काढले की ती हळूहळू वर सरकते, कितीही वेळ धरली तरी.

मागच्या रविवारी मी तशीच धरून बसले होते. ती म्हणाली, "हात दुखन तुहा. सोड."

मी सोडला. तिने उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डाव्याने माझ्याकडे पाहिले. असे ती अधूनमधून करून पाहते.

"कोन हाय सांग बरं मी?" मी विचारले.

"तू हायेस ना. आवाजावरून," ती म्हणाली. थोडा वेळ तशीच पाहत राहिली. "पांढरं पांढरं दिसते. तुह्या अंगात पांढरं हाय काय?"

माझ्या अंगात निळे होते. मी "हो" म्हणाले.